अमेरिकेत ओव्हरटाइम लागू होतो की नाही, हे कोणत्या क्रमाने तपासायचं

न्यू जर्सीत छोट्या दुकानांचं, क्लिनिकचं पेरोल बघते मी. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची प्लेट हातात असताना पण लोक गाठतात, "अगं मी सॅलरीवर आहे, म्हणजे मला ओव्हरटाइम नाहीच ना?" मालक असेल तर तोच प्रश्न उलट्या बाजूने येतो, "त्याला मॅनेजर केलंय मी, आता चाळीस तासांच्या वर द्यायला नको ना?" दोघंही चुकतात आणि एकाच जागी चुकतात, कारण दोघं पदापासून नाहीतर पगाराच्या आकड्यापासून सुरुवात करतात.

कायदा म्हणजे फेडरल फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट, १९३८ चा. मूळ नियम अगदी छोटा आहे, आठवड्यात ४० तासांच्या वर जेवढं काम होईल त्याला नेहमीच्या दराच्या दीडपट पैसे. सगळा गोंधळ आहे तो सूट कोणाला, म्हणजे कोणाला ओव्हरटाइम द्यावा लागत नाही, यात. म्हणून आधी धरूनच चालायचं की ओव्हरटाइम लागू आहे, आणि मग खालच्या टप्प्यांमधे ते कुठे मोडतंय का बघायचं. सूट बसते हे दाखवायची जबाबदारी मालकाची असते, कामगाराची नाही.

सुरू करण्याआधी

शेवटच्या सहा-आठ पे स्टब (पगाराच्या पावत्या), ऑफर लेटर, तासांची जी काही नोंद असेल ती (टाइमशीट, पंच, नाहीतर फोनवरचे मेसेज), आणि एक कोरा कागद. त्या कागदावर गेल्या दोन आठवड्यांत रोज खरंच काय काम केलं ते लिहा. "स्टोअर ऑपरेशन्स सांभाळली" असं नको, "सकाळी ७ ते १० माल लावला, १० ते २ गल्ल्यावर" असं पाहिजे. जॉब डिस्क्रिप्शन सध्या बाजूला ठेवा, ते एचआरने कुठून तरी उचललेलं असतं.

अजून एक, 'एक्झेम्प्ट' या शब्दाने आपल्या लोकांची फार फजिती होते, कारण तो तीन ठिकाणी येतो. डब्ल्यू-४ फॉर्मवरचा (नोकरीला लागताना टॅक्स कापण्यासाठी भरून देतो तो) एक्झेम्प्ट म्हणजे पगारातून फेडरल इन्कम टॅक्स कापू नका. एच-१बी व्हिसाच्या एलसीएमधला (मालक लेबर डिपार्टमेंटला देतो तो अर्ज) एक्झेम्प्ट वेगळाच, तो एच-१बीवर जास्त अवलंबून असलेल्या कंपन्यांच्या जादा अटींबद्दल असतो. आणि ओव्हरटाइममधला एक्झेम्प्ट तिसरा, म्हणजे वर म्हटलेली सूट. पहिल्या दोनांवरून तिसरा ठरत नाही. एलसीएवर खूण दिसली म्हणून ओव्हरटाइमचा विषय सोडून दिलेले लोक मी पाहिलेत.

टप्पा १ : माणूस एम्प्लॉयी आहे का

डब्ल्यू-२ (नोकरदाराला वर्षाअखेर मिळणारा पगाराचा फॉर्म) मिळतो म्हणजे एम्प्लॉयी, पुढे चला. १०९९ (कॉन्ट्रॅक्टरला देतात तो फॉर्म) मिळत असेल तर थांबा. फॉर्म कोणता दिला यावरून हे ठरत नाही, प्रत्यक्षात तो माणूस स्वतःचा धंदा करतोय की या एका मालकाच्या जिवावर काम करतोय यावर ठरतं. वेळ मालक ठरवतो, दर मालक ठरवतो, सामान मालकाचं, नफा-तोटा काही अंगावर नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि तरी १०९९, तर बहुतेक तो एम्प्लॉयीच आहे आणि फॉर्म चुकलाय. "मी कॉन्ट्रॅक्टर आहे असं मीच सही करून दिलंय" याने पण फरक पडत नाही, ओव्हरटाइमचा हक्क सही करून सोडता येत नाही.

टप्पा २ : धंदा कायद्याखाली येतो का

वर्षाची उलाढाल ५,००,००० डॉलर किंवा जास्त असेल तर येतो. हॉस्पिटल, नर्सिंग होम, शाळा उलाढाल न बघता येतात. त्याच्या खालचा धंदा असला तरी जो माणूस स्वतः दुसऱ्या राज्यांशी व्यवहार करतो, म्हणजे कार्ड मशीन चालवतो, बाहेरच्या राज्यात माल पाठवतो, फोन-मेल करतो, तो एकटा कायद्याखाली येऊ शकतो. फक्त नवरा-बायको, मुलं आणि आईवडील मिळून चालवतात असं दुकान मात्र उलाढालीच्या नियमात धरत नाहीत.

इथे फार वेळ घालवू नका. पगारी माणसं ठेवलेला धंदा बहुतेक वेळा येतोच.

टप्पा ३ : आठवडा ठरवा आणि तास मोजा

वर्कवीक म्हणजे सलग १६८ तास, सात दिवस. तो सोमवारी सुरू होवो नाहीतर बुधवारी, पण एकदा ठरला की ठरला, ओव्हरटाइम टाळायला पुढे-मागे सरकवता येत नाही. प्रत्येक आठवडा स्वतंत्र. दोन आठवड्यांनी पगार होत असला की हमखास ही चूक होते: पहिल्या आठवड्यात ३४ तास, दुसऱ्यात ४६, बेरीज ८०, "म्हणजे बरोबर चाळीस-चाळीस झाले की!" नाही झाले. दुसऱ्या आठवड्याचे ६ तास ओव्हरटाइमचे आहेत.

आता तास कशाकशाचे धरायचे:

२० मिनिटांपर्यंतचा चहाचा ब्रेक कामाचा वेळ धरतात. साधारण ३० मिनिटांची जेवणाची सुट्टी धरत नाहीत, पण अट अशी की त्या वेळात माणूस पूर्ण मोकळा पाहिजे. गल्ल्यावर बसूनच डबा खाल्ला आणि मधे दोन गिऱ्हाइकं केली, तर तो अर्धा तास कामाचा. घरून कामावर जाणं धरत नाहीत, दिवसात एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पाठवलं तर तो प्रवास धरतात. दुकान बंद झाल्यावर हिशोब लावणं, उघडायच्या आधी फ्रायर तापवणं, रात्री घरून मेलला उत्तरं देणं, हे सगळं धरायचं.

उलट सुट्टीचे तास, सिक लीव्ह, थँक्सगिव्हिंगला मिळालेला पगार हे ४० मधे धरत नाहीत. सोमवारी पगारी सुट्टी आणि मंगळवार ते शुक्रवार रोज १० तास काम केलं, तर ४८ तासांचे पैसे मिळतील पण ओव्हरटाइम शून्य.

सावध: "मी थांबायला सांगितलंच नव्हतं" हे मालकाचं उत्तर चालत नाही. काम होऊ दिलं, ते होतंय हे माहीत होतं, तर पैसे द्यावेच लागतात. परवानगी न घेता थांबला म्हणून समज देता येते, पैसे कापता येत नाहीत.

आणि "या आठवड्यात जास्त केलंस, पुढच्या महिन्यात सुट्टी घे" हे सरकारी खात्यांना चालतं, खासगी मालकाला नाही. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की लोकांना ती सोयच वाटते.

टप्पा ४ : पगाराची पद्धत आणि पगाराचा आकडा

ऑफिसातल्या कामाची नेहमीची सूट बसायला तीन अटी एकाच वेळी लागतात. ठरलेली सॅलरी, त्या सॅलरीचा किमान आकडा, आणि कामाचं स्वरूप. तिन्हीपैकी एक जरी पडली तरी सूट गेली.

ठरलेली सॅलरी म्हणजे आठवड्यात काही जरी काम केलं तरी पूर्ण रक्कम. काम कमी होतं म्हणून कापली, दुपारी दोन तास डेंटिस्टकडे गेला म्हणून तेवढे पैसे कापले, असं वारंवार होत असेल तर ती सॅलरी नुसती नावाची. स्वतःच्या कामासाठी पूर्ण दिवस रजा घेतली तर मात्र कापता येतं. पे स्टब काढून बघा, प्रत्येक वेळी आकडा तोच आहे का.

हे किती कडक आहे याचं उदाहरण म्हणजे २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा हेलिक्स एनर्जीचा निकाल. तेलाच्या रिगवरचा माणूस, वर्षाला २,००,००० डॉलरच्या वर कमावणारा, पण पैसे दिवसाच्या दराने मिळायचे. कोर्टाने सांगितलं ही सॅलरी नाही, याला ओव्हरटाइम लागू.

किमान आकडा आठवड्याला ६८४ डॉलर, म्हणजे वर्षाचे ३५,५६८. इथे नेटवरची अर्धी माहिती जुनी आहे. २०२४ मधे लेबर डिपार्टमेंटने हा आकडा वाढवला होता, १ जुलैपासून ८४४ आणि १ जानेवारी २०२५ पासून १,१२८ होणार होता, पण १५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो नियमच रद्द केला आणि गाडी परत ६८४ वर आली. वर्षाला १,०७,४३२ च्या वर कमावणाऱ्यांसाठी कामाच्या स्वरूपाची अट सोपी आहे, पण सॅलरीची अट त्यांनाही आहेच.

तपासून बघा: तासावर पैसे मिळतात आणि सांगतात की तुम्ही एक्झेम्प्ट आहात? मग फक्त थोडेच अपवाद उरतात. त्यातला आपल्या लोकांच्या कामाचा अपवाद पुढच्या टप्प्यात आहे. डॉक्टर, वकील, शिक्षक यांना ही सॅलरीची अट नाही, आणि दिवसभर बाहेर फिरून विक्री करणाऱ्यांनाही नाही.

टप्पा ५ : खरं काम काय आहे

आता तो कोरा कागद काढा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. बघायचं असतं ते मुख्य काम. निम्म्याच्या वर वेळ कशात जातो हा चांगला अंदाज आहे, पण तेवढ्यावरच ठरत नाही, ते काम किती महत्त्वाचं आणि माणसाला मोकळीक किती हे पण बघतात.

मॅनेजर. मुख्य काम व्यवस्थापनाचं पाहिजे, हाताखाली किमान दोन पूर्णवेळ माणसं (किंवा तेवढ्याच तासांची अर्धवेळ माणसं) पाहिजेत, आणि कामावर घेणं-काढणं त्याच्या हातात पाहिजे, निदान त्याचं मत गांभीर्याने ऐकलं जात असलं पाहिजे. तिन्ही. दुकानात मालक, "मॅनेजर" आणि एक पार्टटाइम मुलगा एवढेच असतील तर दोन माणसांची अट तिथेच पडते, मग पाटीवर काहीही लिहा. धंद्यात खरोखरची २० टक्के भागीदारी असलेला आणि स्वतः कारभार बघणारा पार्टनर मात्र सूटीत बसतो.

ॲडमिनिस्ट्रेटिव्ह. ही सूट सगळ्यात जास्त ताणली जाते. ऑफिसचं काम असणं पुरेसं नाही. काम धंदा चालवण्याशी जोडलेलं पाहिजे आणि महत्त्वाच्या बाबतीत स्वतःच्या अकलेने निर्णय घ्यायची मुभा पाहिजे. क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवरची मुलगी कितीही हुशार असो, अपॉइंटमेंट लावणं आणि इन्शुरन्सचे फॉर्म भरणं यात ती मुभा नसते. ठरलेली चेकलिस्ट पाळणं म्हणजे निर्णय नव्हे.

प्रोफेशनल. त्या क्षेत्राचं लांबलचक खास शिक्षण लागतं असं काम. सीपीए (लायसन्स असलेला अकाउंटंट) साधारणपणे बसतो, बुककीपर आणि अकाउंटिंग क्लार्क साधारणपणे बसत नाहीत. सॅलरीवरची रजिस्टर्ड नर्स बसू शकते, एलपीएन (कमी शिक्षणाची प्रॅक्टिकल नर्स) सहसा नाही. तुमची डिग्री काय आहे याने काही होत नाही, त्या कामाला ती डिग्री लागते का ते बघायचं. भारतातून एम.कॉम. करून आलेली बाई इथे बिलं एंटर करत असेल तर ती बिलं एंटर करणारीच.

कॉम्प्युटर. आपल्यातले निम्मे लोक इथे. सिस्टिम ॲनालिस्ट, प्रोग्रामर, सॉफ्टवेअर इंजिनिअर अशा कामाला सूट आहे, आणि हाच तो तासाच्या पैशांवर चालणारा अपवाद: आठवड्याला ६८४ सॅलरी किंवा तासाला किमान २७.६३ डॉलर. म्हणून कन्सल्टिंग कंपनीत डब्ल्यू-२ वर तासाला ६० डॉलर घेणाऱ्या डेव्हलपरला ४५ तासांचे सरळ ४५ गुणिले ६० मिळाले तर फेडरल कायद्यात ते चालतं.

पण आयटीत असणं म्हणजे ही सूट नाही हो. हेल्प डेस्क, पासवर्ड रिसेट, लॅपटॉप सेटअप, ठरलेल्या पायऱ्यांनी ट्रबलशूटिंग, हे काम यात बसत नाही, लेबर डिपार्टमेंटने २००६ मधेच आयटी सपोर्टबद्दल तसं मत दिलंय. आणि खरी गंमत पुढे आहे. तासावर पैसे घेणारा प्रोजेक्ट मॅनेजर, स्क्रम मास्टर. त्याचं काम सिस्टिम डिझाइन किंवा कोडिंगचं नाही, म्हणजे कॉम्प्युटरची सूट बहुतेक लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सूट कदाचित कामावरून बसली असती, पण तिला ठरलेली सॅलरी लागते आणि हा तर तासावर आहे. मग उरतं काय? तासाला ७० मिळत असतील तर चाळीसच्या वरच्या तासाला १०५. बिझनेस ॲनालिस्टचं मधलं आहे, युजरशी बोलून सिस्टिमची स्पेसिफिकेशन ठरवत असेल तर सूट लागू शकते, नुसते मीटिंगचे मिनिट्स आणि स्टेटस रिपोर्ट करत असेल तर अवघड आहे. इथे तुमचा तो कागद बोलतो.

सावध: टायटल, व्हिसा, ग्रीन कार्डच्या अर्जातलं कामाचं वर्णन यापैकी कशानेही हा टप्पा सुटत नाही.

टप्पा ६ : तुमच्या राज्याचा कायदा

फेडरल कायदा म्हणजे किमान. राज्याचा कायदा कामगाराला जास्त देत असेल तर तो चालतो. आणि राज्य म्हणजे तुम्ही जिथे बसून काम करता ते, कंपनीचं ऑफिस जिथे आहे ते नव्हे.

कॅलिफोर्नियात दिवसाचा हिशोब आहे, ८ तासांच्या वर दीडपट, १२ च्या वर दुप्पट. म्हणजे आठवड्याला ३८ च तास झाले पण त्यातला एक दिवस ११ तासांचा होता, तर ३ तास ओव्हरटाइम. सूटीसाठी लागणारी सॅलरी २०२६ साठी तिथे ७०,३०४ डॉलर आहे. न्यूयॉर्क शहरात मॅनेजर आणि ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सूटीसाठी २०२६ मधे आठवड्याला १,२७५. वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलकडे, ८०,१६८.४० वर्षाला. हे आकडे दर जानेवारीत बघून घ्यायचे. न्यू जर्सीत सूटींचे नियम फेडरलसारखेच आहेत, पण मागचे पैसे मागायला ६ वर्षं मिळतात, हे फार लोकांना माहीत नसतं.

टप्पा ७ : दीडपट, पण कशाच्या

ओव्हरटाइम लागू आहे हे ठरलं. आता दर. तासाच्या बेसिक दराला दीडने गुणलं की झालं असं वाटतं, आणि नुसता तासावरच पगार असेल तर खरंच झालं. पण बोनस, कमिशन, रात्रपाळीचा भत्ता असं काही असेल तर ते दरात मिसळावं लागतं. आधी कबूल केलेला बोनस, जसं की एकही खाडा नाही तर इतके, तो धरायचा. दिवाळीला मालकाने मनाने दिलेलं गिफ्ट धरायचं नाही. खर्चाची भरपाई, सुट्टीचा पगार पण नाही.

उदाहरण घ्या. ग्रोसरीतला माणूस, तासाला १८ डॉलर, आठवड्यात ४६ तास, हजेरीचा बोनस ९२.

४६ गुणिले १८ म्हणजे ८२८, अधिक ९२, एकूण ९२०. भागिले ४६ तास, खरा दर आला २०. सगळ्या ४६ तासांचे सरळ पैसे या ९२० मधे आलेलेच आहेत, म्हणून वरच्या ६ तासांना फक्त अर्धा दर द्यायचा, १० गुणिले ६ म्हणजे ६०. एकूण ९८०.

बोनस विसरून केलं असतं तर ७२० अधिक १६२ अधिक ९२, म्हणजे ९७४. सहा डॉलरचा फरक, हसू येतं, पण वर्षाचे ३१२ होतात आणि दुकानात आठ माणसं असतील तर मालकाने गुणाकार करून बघावा.

सॅलरीवर आहे पण सूट बसत नाही, असा माणूस असेल तर आठवड्याची सॅलरी ती जितक्या तासांसाठी ठरली त्याने भागा. ४० तासांसाठी ८०० ठरले असतील तर दर २०, ४५ तास झाले तर ५ गुणिले ३० म्हणजे १५० वरून, एकूण ९५०.

टप्पा ८ : पैसे बाकी निघाले तर

कामगाराने आधी लेखी विचारावं, भांडणाच्या सुरात नको, "माझ्या या तीन आठवड्यांच्या तासांचा हिशोब असा येतोय, बघाल का" एवढंच मेलवर. निम्म्या वेळा पेरोल सॉफ्टवेअरमधे चुकीची टिकमार्क असते आणि ती सुधारली जाते. नाही सुधारली तर लेबर डिपार्टमेंटचं वेज अँड अवर डिव्हिजन आहे, १-८६६-४८७-९२४३, फोनवर दुभाषाही मिळतो. फेडरल दाव्याला मुदत २ वर्षं, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर ३, आणि प्रत्येक पे-डेबरोबर जुना एकेक आठवडा मुदतीबाहेर पडत जातो. बाकी रकमेएवढीच रक्कम भरपाई म्हणून वर मिळू शकते. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, आणि व्हिसाच्या स्थितीमुळे केलेल्या कामाच्या पैशांवरचा हक्क जात नाही.

मालकाने चूक लक्षात आली की आधी मागचा हिशोब काढावा आणि वकिलाशी बोलावं. आजपासून गुपचूप नीट सुरू करायचं आणि मागचं विसरायचं, हा सगळ्यात महाग पडणारा मार्ग. पेरोलच्या नोंदी ३ वर्षं, टाइमकार्ड २ वर्षं ठेवावेच लागतात. नोंदी नसतील तर कामगाराच्या वहीतला अंदाज कोर्टात धरला जाऊ शकतो.

टॅक्सच्या वजावटीबद्दल, कारण तेही लगेच विचारतात

२०२५ ते २०२८ या वर्षांसाठी ओव्हरटाइमची वजावट आहे, एकट्याला १२,५०० पर्यंत, जॉइंट रिटर्नला २५,००० पर्यंत. उत्पन्न १,५०,००० (जॉइंट ३,००,०००) च्या वर गेलं की ती कमी होत जाते. लग्न झालेल्यांना जॉइंटच भरावं लागतं. पण वजावट पूर्ण ओव्हरटाइमची नाही, फक्त वरच्या अर्ध्याची. टप्पा ७ मधल्या सॅलरीवाल्या माणसाला १५० मिळाले त्यातले ५० धरायचे. आणि फक्त फेडरल कायद्याने देणं भाग होतं तेवढंच चालतं, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या त्या ३८ तासांच्या आठवड्याचे ३ तास इथे येत नाहीत. तासाला ६० वाला डेव्हलपर ४५ तास करतो, त्याची वजावट शून्य, कारण त्याला ओव्हरटाइम लागूच नव्हता. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर तर सगळ्यावर कापलं जातंच.